विसरलेली शंभर वर्षे

ऑगस्ट २०१४मध्ये ‘माय ब्रदर, माय ब्रदर अँड मी’ या अमेरिकी विनोदी पॉडकास्टवर नेहमीपेक्षा वेगळा भाग आला. हा पॉडकास्ट चालवणाऱ्या तिघा मॅकेलरॉय भावांपैकी थोरल्या जस्टिनच्या घरी बाळ आले होते. त्याला थोडी सुट्टी मिळावी म्हणून जस्टिन, ट्रॅव्हिस आणि धाकटा ग्रिफिन यांनी वडिलांना सोबत घेऊन ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चा डाव मांडला होता आणि तोच ध्वनिमुद्रित केला होता. वडील क्लिंट मॅकेलरॉय वेस्ट व्हर्जिनियातल्या हंटिंग्टनचे जुने रेडिओ निवेदक. श्रोत्यांना हा डाव इतका आवडला, की काही महिन्यांतच ‘द अ‍ॅडव्हेंचर झोन’ या नावाने तो स्वतंत्र पॉडकास्ट झाला. त्याची पहिली मोठी गाथा ‘बॅलन्स’ ऑगस्ट २०१७मध्ये ६९व्या भागाला संपली. फाशांवर चालणाऱ्या खेळातून माणसे कशी घडतात, हे त्या तीन वर्षांत जितके स्पष्ट ऐकू आले, तितके मला त्यानंतर क्वचितच ऐकायला मिळाले आहे.

खेळाची रीत आधी सांगायला हवी. १९७४मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी हा खेळ बाजारात आणला. एक जण डन्जन मास्टर होतो. जग, संकटे, गावकरी, राक्षस हे सगळे त्याच्याकडे. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि ते काय करते, काय बोलते ते सांगतात. जमेल की नाही, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. कोकणातल्या दशावतारात संवाद रंगमंचावरच सुचत जातात, तरी कथानक सगळ्यांना ठाऊक असते. इथे कथानकाचाही भरवसा नाही. डन्जन मास्टरने महिनाभर जपलेला खलनायक एका भाग्यवान फाशात आडवा होतो आणि सहज टाकलेला दुकानदार वर्षभर गोष्टीत राहतो.

‘बॅलन्स’ची सुरुवात तर खेळाच्या नवख्यांसाठीच्या संचातल्या तयार साहसानेच झाली. ग्रिफिन डन्जन मास्टर. जस्टिनने घेतला टाको, एक जादूगार एल्फ. त्याचे नाव टॅको या मेक्सिकन खाद्यपदार्थावरून ठेवलेले आणि तो पदार्थ शोधून काढणे हेच त्याचे जीवितध्येय. ट्रॅव्हिसचा मॅग्नस बर्नसाइड्स हा दांडगा लढवय्या, विचार न करता उडी घेणारा. क्लिंट यांचा मर्ल हायचर्च हा बुटका पुरोहित. ज्याच्याकडून उपचारांची अपेक्षा करावी, तोच ऐन वेळी उपचार करायचे विसरणारा. पहिल्या काही तासांत ही तीन पात्रे म्हणजे तीन विनोद होते, एवढेच म्हणता येईल. खेळाडू नियम चुकत होते, क्लिंट यांना मंत्र सापडत नव्हते, सगळे जण एकमेकांची टर उडवत होते. त्यात पात्रांना भूतकाळ असावा, अशी कोणाची मागणीही नव्हती.

पहिले पर्व संपताना मात्र एक गोष्ट घडली. मर्लचा भाऊबंद गंड्रेन एक मंतरलेला हातमोजा चढवतो, त्यातल्या आगीने वेडापिसा होतो आणि फँडालिन नावाचे अख्खे गाव जळून काळ्या काचेचे वर्तुळ होते. तिघांना ते रोखता येत नाही. थट्टेतल्या माणसांच्या हातून खरोखर काही निसटले, ते पहिल्यांदा इथे. त्यानंतरही विनोद आटला नाही, पण प्रत्येक विनोदाला एक हिशोब चिकटू लागला.

पुढे भूतकाळ झिरपायला लागला. मॅग्नसला ज्युलिया नावाची बायको होती. रेव्हन्स रूस्ट हे त्याचे गाव. तिथल्या जुलमी गव्हर्नरविरुद्ध त्याने उठाव केला, जिंकला, आणि तो सुतारकामाच्या स्पर्धेसाठी बाहेरगावी गेलेला असताना त्याच गव्हर्नरने सूड म्हणून कारागिरांची वस्ती उडवून दिली. ज्युलिया गेली. एवढे कळल्यावर त्याचे ते बेधडक उडी मारणे वेगळे ऐकू येते. टाको पूर्वी गावोगाव फिरून लोकांपुढे स्वयंपाकाचे खेळ करायचा. एका गावी त्याचे जेवण जेवून चाळीस माणसे मेली. आपल्याच जादूने बेरींचे विष झाले, अशी त्याची खात्री, म्हणून तो पळाला. विष त्याच्या मदतनिसाने कालवले होते, हे त्याला माहीत नाही. आपले कोणाशीच देणेघेणे नाही, अशा तोऱ्यात वावरणाऱ्या एल्फच्या पोटात इतके दिवस ही भीती होती.

मर्लचे प्रकरण मला सर्वांत जवळचे वाटते. मध्येच एका भागात कळते, की मर्लला मुले आहेत, मेव्हिस आणि मूकी, आणि तो त्यांना सोडून निघून आलेला आहे. या खेळात वडिलांची भूमिका करणारा माणूस खऱ्या आयुष्यातही वडीलच आहे आणि समोर मुलांच्या भूमिका करतो आहे त्याचाच मुलगा ग्रिफिन. क्लिंट तिथे अडखळतात. मुलांशी काय बोलावे, हे मर्लला कळत नाही आणि त्या क्षणी ते क्लिंट यांनाही कळत नसावे असे वाटते. लिहिलेल्या नाटकात हे अडखळणे तालमीतच घासून गेले असते. इथे ते तसेच राहिले. चुकलेला, लाजलेला, पण परत आलेला बाप म्हणून मर्ल त्या अडखळण्यातूनच उभा राहिला.

‘इलेव्हन्थ अवर’ या पर्वात हे सगळे पणाला लागते. काळाच्या चक्रात अडकलेल्या एका गावात तिघे पुन्हापुन्हा मरतात, पुन्हापुन्हा त्याच वेळेला जागे होतात. शेवटी एक मंतरलेला चषक त्यांच्यापुढे लाच ठेवतो : भूतकाळातली एक घटना बदला. मॅग्नसला ज्युलिया वाचवता येईल. टाकोला ते जेवण थांबवता येईल. ते नकार देतात. भूतकाळ हाताशी येऊन दोन वर्षेही झालेली नसताना ही पात्रे तो सोडायला तयार होत नाहीत. ‘सफरिंग गेम’ या नंतरच्या पर्वात तर उलटेच घडते. तिथे पुढे जायचे तर स्वतःचा तुकडा तोडून द्यावा लागतो. मर्ल डोळा देतो, टाको सौंदर्य देतो, मॅग्नस एक आठवण देतो. गाव कोणी उद्ध्वस्त केले, हे तो विसरतो. बायको गेल्याचे दुःख शिल्लक राहते, पण शत्रूचा चेहरा पुसला जातो. ज्या माणसाची सारी धग सूडावर पेटलेली असेल, तो यानंतर कोण उरतो? ग्रिफिनने हा प्रश्न कोणाच्या तोंडी घातला नाही. ट्रॅव्हिसला तो पुढे खेळून दाखवावा लागला.

मग शेवटचे मोठे वळण येते, आणि ते ध्वनीमाध्यमातच शक्य होते. या जगात व्हॉइडफिश नावाचा एक जीव आहे. त्याला जे खाऊ घालाल, ते ज्ञान जगाच्या आठवणीतून पुसले जाते. ज्यांनी त्याचा द्रव प्यायलेला नाही, त्यांना त्या विषयाचे शब्द कानावर पडताच फक्त खरखर ऐकू येते. कधीकधी तिघा नायकांनाही अशी खरखर ऐकू येते आणि त्यांच्यासोबत आपल्यालाही. आपल्याकडून काय लपवले आहे, हे श्रोत्याला कळत नाही, पण लपवले आहे हे कळते.

पडदा उठतो तेव्हा दिसते, की टाको, मॅग्नस आणि मर्ल हे साधे भाडोत्री साहसवीर नव्हतेच. सात जणांच्या एका जहाजाचे ते खलाशी. ‘हंगर’ नावाच्या, जगे गिळत जाणाऱ्या काळोखापासून पळत त्यांनी शंभर वर्षे एकामागून एक विश्वे ओलांडली. दर फेरीला मेलेले सहकारी पुन्हा जिवंत होत. अखेर कळते, की हातमोजा, चषक अशा ज्या मंतरलेल्या वस्तू शोधत ते गाथाभर धावले, त्या त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनीच घडवल्या होत्या. मॅग्नसला ज्युलियाचे आमिष दाखवणारा चषक मॅग्नसनेच घडवलेला. फँडालिन जाळणारा हातमोजा लूपचा, म्हणजे टाकोच्या जुळ्या बहिणीचा. पहिल्याच पर्वात एका सांगाड्याच्या हातातून टाकोने जी छत्री उचलली, तीत लूप कोंडली गेली होती. बहीण अख्खी गाथाभर हातात होती आणि भावाला ती कोण, हेही माहीत नव्हते.

आठवणी पुसल्या त्यांच्यातल्याच ल्युक्रेशियाने. त्या वस्तूंमुळे जगात युद्धे पेटली, सोबती अपराधीपणात बुडाले, म्हणून तिने त्यांना विस्मरण दिले आणि प्रत्येकाला नव्याने जगायला एक जागा शोधून दिली. मॅग्नसला रेव्हन्स रूस्टला तिनेच नेले. म्हणजे ज्युलियावरचे त्याचे प्रेम खरे, तिचे जाणे खरे, पण त्या साऱ्याचा पाया एका चोरीवर. ती दोन आयुष्ये वेगळी काढता येत नाहीत, आणि गाथा काढायचा प्रयत्नही करत नाही. आठवणी परतल्यावर टाको ल्युक्रेशियावर उसळतो, तेव्हा जस्टिनच्या आवाजात विनोदाचा लवलेश नसतो. तिचा हेतू चांगला होता, हे त्याला समजते. बहीण विसरायला लावली, हे त्याला पचत नाही.

जहाजाचा कप्तान डेव्हनपोर्ट सुरुवातीपासून एक गमतीचे पात्र म्हणून येतो. त्याला स्वतःचे नाव सोडून काही बोलता येत नाही. आपण हसतो. मग कळते, की या माणसाचे सारे आयुष्य त्या मोहिमेत गुंतलेले होते. मोहीम पुसली, तेव्हा त्याच्यापाशी नावाखेरीज काही उरले नाही. हे ग्रिफिनने पहिल्या दिवसापासून योजले नव्हते. गाथेचा मोठा आराखडा खेळता खेळताच मोठा होत गेला. तरीही ते विश्वासार्ह वाटते, याचे कारण साधे आहे. सुरुवातीला ही पात्रे उथळ होती, ती खेळाडू नवखे होते म्हणून. गोष्टीने नंतर त्या उथळपणालाच कारण दिले : ही माणसे स्वतःला विसरलेली होती. खेळाडूंनी न आखलेला भूतकाळ आणि पात्रांना न आठवणारा भूतकाळ एकमेकांत मिसळून गेले. कादंबरीकार मागे जाऊन पहिले प्रकरण दुरुस्त करतो. पॉडकास्टला तसे करता येत नाही, जे एकदा ऐकवले ते ऐकवले. म्हणून जुन्या चुकांना पुढे अर्थ देणे, हीच या प्रकाराची स्वतःची कला झाली.

श्रोतेही त्या घडण्यात सामील होते, आणि कधी दुखावलेही गेले. ‘पेटल्स टू द मेटल’ या पर्वात हर्ली आणि स्लोन या एकमेकींवर प्रेम करणाऱ्या दोघी मरतात आणि चेरीचे झाड होतात. दृश्य देखणे आहे. पण समलिंगी पात्रे प्रेम उमलताच मारून टाकण्याची कथाकारांची जुनी खोड अनेकांना त्यात दिसली आणि त्यांनी ती स्पष्ट बोलून दाखवली. मला ही तक्रार रास्त वाटते. ग्रिफिनने ती ऐकून घेतली. अंतिम लढाईत त्या दोघी वनदेवता होऊन परततात. पुढे टाको आणि मृत्यूचा दूत क्रॅव्हिट्झ यांचे प्रेम सावकाश, हसतखेळत फुलू दिले गेले आणि शाबूत राहिले. लूप पारलिंगी स्त्री आहे, तरी तिच्या गोष्टीत येते ती तिची जादू, तिचा पश्चात्ताप आणि जहाजावरच्याच बॅरी ब्लूजीन्सवरचे प्रेम. या चौघा गोऱ्या, स्वतःला फारसे न जोखलेल्या पुरुषांना हे सारे येत नव्हते. ते जाहीरपणे शिकत गेले.

टाकोच्या रंगाचा वाद मात्र सहज मिटला नाही. आवाजाला कातडीचा रंग नसतो. त्यामुळे श्रोत्यांनी आपापला टाको रेखाटला होता आणि अनेकांच्या मनात तो सावळा, लॅटिनो होता. चित्रकादंबरी करायची ठरली तेव्हा प्रथमच एक रंग निवडावा लागला. निवडलेली रूपे लोकांना खटकली. शेवटी कॅरी पीच यांच्या रेखाटनांसह जुलै २०१८मध्ये पहिले पुस्तक आले, त्यात टाकोला माणसांत न आढळणारा हिरवट रंग होता. पुस्तक तुफान खपले. तरीही सावळा टाको मनात धरलेल्या श्रोत्याचे काहीतरी त्या दिवशी हिरावले गेले, असे मला वाटते.

‘बॅलन्स’नंतर मंडळींनी ‘अ‍ॅम्नेस्टी’ केले, वेस्ट व्हर्जिनियातल्या केप्लर या कल्पित गावातले. तिथे पात्रे भूतकाळ घेऊनच आली. क्लिंट यांचा नेड हा जुना चोर, आणि त्याने केलेल्या एका घरफोडीच्या रात्रीच ट्रॅव्हिसच्या ऑब्रीची आई आगीत गेलेली. बांधणी चोख होती आणि नेडचा मृत्यू काळजाला लागतो. तरी ते धागे कुठे जुळणार, हे कान टवकारून ऐकणाऱ्याला आधीच कळते. मार्च २०१५मध्ये थेट प्रक्षेपणाने सुरू झालेला ‘क्रिटिकल रोल’ हा याच खेळाचा कार्यक्रम लोकप्रिय झाल्यावर तर व्यावसायिक अभिनेते घडीव दुःखे घेऊन मेजावर येऊ लागले. त्यांच्याही खेळात सर्वांत जिवंत वाटतो तो क्षण बेत फसण्याचा. दुसऱ्या मोहिमेत, २०१८च्या जुलैत, टॅलिसिन जॅफीचा मॉलीमॉक अचानक मारला गेला. त्याचे रहस्य उलगडायचे बाकीच होते. मेजाभोवतीची शांतता आजही ऐकता येते.

आज नवा पॉडकास्ट सुरू होताना खेळाडूंची ओळख त्यांच्या पात्रांच्या जखमांसकट करून दिली जाते. मला त्यापेक्षा तो मर्ल हवासा वाटतो, ज्याला आपली मुले आहेत हे अर्ध्या वाटेवर कळले आणि मग त्यांच्याशी काय बोलावे ते सुचेना.