हिमप्रदेशातील गिनी कोंबडी : काही गैरसमज

आफ्रिकेच्या उष्ण माळरानावरील पक्ष्यास, जेथे पारा शून्याखाली वीस अंश सेल्सिअसपर्यंत उतरणे ही नवलाची गोष्ट नव्हे त्या अमेरिकेतील मिनेसोटासारख्या उत्तरेकडील राज्याचा हिवाळा मानवणे शक्य नाही, असा समज गिनी कोंबड्या पाळू इच्छिणाऱ्यांत रूढ आहे. वास्तविक, जोहान्सबर्गभोवतालचे उंच पठार हेही या पक्ष्याचे वसतिस्थानच असून तेथे हिवाळ्यातील रात्री दहिवर गोठून गवत पांढरे पडते. पूर्ण वाढलेल्या पक्ष्याचा पिसारा कोरडी थंडी सोसावयास समर्थ असतो. पिलांची गोष्ट अर्थात निराळी. त्यांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंशांची ऊब लागते, आणि ओल तर मुळीच सोसत नाही.

थंडीच्या या अवास्तव धास्तीतून निपजणारा दुसरा समज अधिक घातक होय. खुराड्याच्या साऱ्या फटी बुजवून वर ऊब देणारा दिवा टांगला की बंदोबस्त पुरा झाला, असे पुष्कळांना वाटते. परंतु रात्रभर पक्ष्यांच्या श्वासातून आणि विष्ठेतून निघणाऱ्या बाष्पास बाहेर पडावयास वाट न राहिल्यास ते त्यांच्या पिसांविना उघड्या असलेल्या डोक्यावर आणि चोचीलगतच्या लाल मांसल पाळ्यांवर साचते, व त्या ओल्या पाळ्यांनाच हिमदंश लवकर होऊन त्यांच्या कडा काळ्या पडतात. म्हणून बसलेल्या पक्ष्यांच्या डोक्यांहून वर, छपरालगत झरोके मोकळे ठेवावे, खाली कोरड्या भुशाचा जाड थर असावा, आणि बसण्यासाठी गोल दांडीऐवजी साडेतीन इंच रुंदीची सपाट फळी द्यावी, म्हणजे पोटाखालच्या पिसांत बोटे झाकली जातात. दिव्याविषयी माझे मत स्पष्ट आहे: हा पक्षी कमालीचा बुजरा, जरा खुट्ट झाले की सारा थवा उधळणारा, त्यातून खाली वाळलेला भुसा आणि वर तापलेला दिवा ही आगीला आगाऊ दिलेली परवानगीच. मिट्ट काळोखात मात्र तो घाबरतो. तेव्हा उजेडापुरता एखादा मंद दिवा ठेवण्यास हरकत नाही.

थंडी सोसणारा पक्षी बर्फासही सरावलेला असणार, हा तर्कही फसवा आहे. पहिल्या हिमपाताच्या सकाळी दार उघडले की थवा उंबऱ्याशी थबकतो, माना लांब करून त्या शुभ्र भुईकडे पाहतो, कलकलाट करतो, आणि पाऊल टाकण्याऐवजी उडून झाडावर किंवा छपरावर जाऊन बसतो तो खाली उतरावयास धजत नाही. फावड्याने वाट मोकळी करून तीवर वाळके गवत पसरणे हाच यावर इलाज. रात्रीही झाडावर बसणे हा त्याचा स्वभावच, तेव्हा त्यास अडवू नये, असे म्हणणाऱ्यांनी शृंगी घुबडाचा आणि पिसे भिजवून गोठविणाऱ्या पावसाचा हिशेब धरलेला नसतो. रोज तिन्हीसांजेस पांढऱ्या वरीचे मूठभर दाणे खुराड्यातच टाकण्याची वहिवाट शरदातच पाडली, तर थवा आपण होऊन परततो. पाण्याऐवजी तो बर्फ खाईल, अशा भरवशावर राहू नये. भांड्यातले पाणी गोठू न देण्याची तजवीज करावीच लागते.

हिवाळ्यात अंडी बंद झाली म्हणून आजाराची शंका घेण्याचेही कारण नाही. दिवस लहान झाल्याने तसे घडते. वसंतात मादी पुन्हा अंड्यावर येते, आणि ती अंडी खुराड्यात न घालता झुडपाआड दडवून ठेवल्याची तक्रार पाळणारा करू लागतो, पण तो विषय स्वतंत्र आहे.