नवा हँडहेल्ड येतोय, पण त्यावर 'चालतं' काय आणि 'चालेल' काय?

हा आपल्या एपिसोडचा लेखी अवतार. ऐकताना चिपची आणि ॲपची नावं सुटतात अशी बऱ्याच जणांची तक्रार असते, म्हणून बोललेलंच थोडं नीटनेटकं करून इथे टाकतोय.

एका श्रोत्याचा मेसेज आला होता. "दादा, एक नवीन अँड्रॉइड हँडहेल्ड येतोय. व्हिडिओत म्हणतात, पीएस टू चालतं आणि पुढे अपडेट आला की स्विचचे गेमही चालतील. पहिल्या पगारातून घेणार आहे. प्री-ऑर्डर करू का?" मॉडेलचं नाव मुद्दाम घेत नाही. असा डबा दर दोन-चार महिन्यांनी येतो आणि प्रश्न तोच राहतो.

त्याच्या मेसेजमध्ये दोन शब्द आहेत बघा, 'चालतं' आणि 'चालतील'. माझं म्हणणं एवढंच की पैसे 'चालतं'चे द्या. 'चालेल'चे देऊ नका.

का, ते समजून घेऊ. गेम पार्लरमधला 'मुस्तफा' आठवतोय? किंवा मोठ्या भावाकडून ऐकला असेल. खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', कॅपकॉमचा १९९३चा गेम. तो आज अगदी स्वस्तातल्या हँडहेल्डवरही सुसाट पळतो, कारण त्याचं मूळ मशीन साधं होतं. पीएस टूची गोष्ट वेगळी. तिचा मुख्य प्रोसेसर जेमतेम २९४ मेगाहर्ट्झचा, म्हणजे आपल्या फोनसमोर किस झाड की पत्ती! पण तिच्यात एकाच वेळी अनेक भाग राबत असतात. मुख्य प्रोसेसर, दोन व्हेक्टर युनिट, वेगळी ग्राफिक्स चिप, शिवाय इनपुट-आउटपुटसाठी चक्क पीएस वनचा प्रोसेसर. या सगळ्यांची भाषा आपल्या फोनच्या चिपला कळत नाही. एम्युलेटर म्हणजे मधला दुभाषी. त्याला सगळ्यांचं बोलणं एकदम भाषांतरित करायचं असतं आणि सगळ्यांचा ताल एकमेकांशी जुळवायचा असतो. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमसाठी हातात साधारण १६.७ मिलिसेकंद. तेवढ्यात नाही उरकलं की आवाज तुटतो, चित्र अडखळतं.

(जाता जाता एक जुगाड. काही गेमच्या पाल आवृत्त्या सेकंदाला ५० फ्रेमच मागतात, म्हणून कमजोर मशीनवर त्या जरा हलक्या जातात. भारतात पीएस टू पाल विभागातच होती, त्यामुळे माळ्यावर डिस्क पडली असेल तर ती पालच असण्याची शक्यता जास्त.)

आता खरी मेख. लोक जाहिरातीत बघतात रॅम किती, कोर किती. पण चित्र काढायचं काम जीपीयू करतो आणि जीपीयूला हुकूम देणारं सॉफ्टवेअर म्हणजे ड्रायव्हर. इथे रेट्रॉइडचं उदाहरण घेण्यासारखं आहे. त्यांच्या पॉकेट ४ प्रोमध्ये डायमेन्सिटी ११०० ही चिप होती, २०२१ची. नंतर पॉकेट ५ आला आणि त्यात घातली स्नॅपड्रॅगन ८६५, जी २०१९च्या शेवटी जाहीर झाली होती. नव्या डब्यात जुनी चिप! बऱ्याच जणांनी नाकं मुरडली. पण डायमेन्सिटीमध्ये माली जीपीयू आहे आणि ८६५मध्ये ॲड्रेनो. ॲड्रेनोसाठी टर्निप नावाचा ओपन सोर्स ड्रायव्हर आहे, जो मेसा प्रकल्पातले लोक लिहितात. डॉल्फिनसारख्या काही एम्युलेटरमध्ये हा ड्रायव्हर तुम्ही स्वतः लोड करू शकता, फोन रूट न करता. एका ड्रायव्हरने चित्र फाटलं तर दुसरा लावून बघायचा. मालीवर कंपनीने दिलं तेच घेऊन बसावं लागतं. विनलेटरसारख्या ॲपवरून पीसी गेम चालवायला गेलात की हा फरक लगेच जाणवतो.

आणि उलटंही होतं. स्नॅपड्रॅगन ८ एलिट २०२४च्या ऑक्टोबरमध्ये आली तेव्हा कागदावर ती सगळ्यांची बाप होती. पण तिच्या नव्या जीपीयूसाठी टर्निप तयारच नव्हता. म्हणजे ताकद होती, दुभाष्याचा हत्यारांचा डबा रिकामा. अशा चिपचा हँडहेल्ड पहिल्या दिवशी घेणारा माणूस खरं तर टेस्टिंगचं काम करत असतो, तेही स्वतःच्या खर्चाने.

"मग अपडेट येईल ना?" येईलही. पण देणार कोण? हँडहेल्ड बनवणारी कंपनी एम्युलेटर लिहीत नाही. ते लिहितात बाहेरचे लोक, बरेचदा फावल्या वेळात. अँड्रॉइडवरचा पीएस टूचा सगळ्यात चांगला एम्युलेटर होता ईथरएसएक्स२. लोकांनी त्याच्या डेव्हलपरला इतका त्रास दिला, धमक्यासुद्धा दिल्या, की जानेवारी २०२३मध्ये त्याने काम थांबवलं. मग इतरांनी त्यालाच ठिगळं लावून नेदरएसएक्स२ नावाने तो चालू ठेवला. फुकट ॲप देणाऱ्या माणसाला शिव्या घालायच्या आणि मग अपडेट कुठेय म्हणून विचारायचं, याला काय म्हणावं?

स्विचचं तर आणखी अवघड. फेब्रुवारी २०२४च्या शेवटी निन्टेंडोने 'युझू'वर अमेरिकेत खटला भरला. मार्चच्या पहिल्या आठवड्यात २४ लाख डॉलरवर तडजोड झाली आणि युझू बंद. त्याच लोकांचा थ्रीडीएस एम्युलेटर 'सित्रा'ही त्यासोबत गेला. ऑक्टोबरमध्ये 'र्‍युजिन्क्स'ही थांबला. त्यामुळे 'स्विच चालेल' असं कोणी म्हणालं की विचारा, कोणत्या ॲपवर, कोणती व्हर्जन, आणि ती आज कोण सांभाळतंय?

कायद्याचं थोडक्यात सांगतो. एम्युलेटर स्वतःच्या कोडवर लिहिला असेल तर तो सहसा अडचणीचा नसतो. गेमची फाइल आणि पीएस टूची बायोस फाइल मात्र कॉपीराइटखाली येतात, बायोस आपल्याच कन्सोलमधून काढलेली असावी. पीपीएसएसपीपीला, म्हणजे पीएसपीच्या एम्युलेटरला, बायोस लागतच नाही, कारण त्या सिस्टिमची कामं त्यात नव्याने लिहिलेली आहेत. आणि हँडहेल्डसोबत 'हजारो गेम फ्री' म्हणून जे मेमरी कार्ड येतं, त्याबद्दल मी काही बोलत नाही. एवढंच सांगतो, माझ्या एका हँडहेल्डसोबत आलेलं कार्ड तीन महिन्यांत मेलं आणि अर्धा झालेला फायनल फँटसी घेऊन गेलं. त्या दिवसापासून पहिलं काम नवं चांगलं कार्ड टाकायचं आणि सेव्ह फाइल्स दुसरीकडे कॉपी करून ठेवायच्या.

आता मेसेज पाठवणाऱ्या मित्रासाठी. तुझ्या खिशात टेस्टिंगचं मशीन आधीच आहे. येणाऱ्या हँडहेल्डची चिप कोणती ते बघ. तीच चिप किंवा तिच्या जवळची चिप असलेला फोन घरात किंवा मित्राकडे शोध. ८६५चे फोन तर सेकंडहँडमध्येही मिळतात. प्ले स्टोअरवरून डॉल्फिन, पीपीएसएसपीपी, रेट्रोआर्क घाल, ब्लूटूथ कंट्रोलर जोड आणि तुला खरंच खेळायचेत तेच गेम लाव. पाच मिनिटं नको, अर्धा तास खेळ. फोन तापला की वेग पडतो, आणि हँडहेल्डमध्ये पंखा असेल तर तिथे तो थोडा कमी पडेल, एवढी सूट धर. पण जो गेम पहिल्या मिनिटालाच अडखळतोय, तो पंख्याने सुधारणार नाही.

हे त्याला कळवलं. त्याच्या मामेभावाकडे ८६५चा जुना फोन निघाला, स्क्रीनला तडा गेलेला. रविवारी दोघं बसणार आहेत. प्री-ऑर्डर सोमवारपर्यंत थांबवलीय.