सोळाव्या क्रमांकाची नोंद

बीजिंगजवळील शुन्यी येथील जलक्रीडा-संकुलात २० ऑगस्ट २००८ रोजी स्त्रियांची दहा किलोमीटर पोहण्याची जी शर्यत झाली, तिच्या निकालपत्रात दक्षिण आफ्रिकेच्या नताली दु टॉय हिच्या नावापुढे सोळावा क्रमांक, २ तास ० मिनिटे ४९.९ सेकंद ही वेळ, आणि विजेत्या लारिसा इल्चेंकोहून सुमारे ८२ सेकंदांचे अंतर, एवढाच मजकूर दाखल आहे. या जलतरणपटूस डावा पाय गुडघ्यापासून नव्हता, ही गोष्ट त्यातील कोणत्याही रकान्यात नमूद नाही. मला त्या दप्तराच्या या मौनाचे फार मोल वाटते.

नतालीचा जन्म १९८४ सालचा, केपटाउनचा. चौदाव्या वर्षी ती क्वालालंपूरच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत उतरली होती. सिडनीचे ऑलिंपिक तिचे थोडक्यात हुकले. आणि पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २००१ मध्ये, सकाळचा सराव आटोपून ती स्कूटरवरून शाळेकडे निघाली असता मोटारीची धडक बसून तिचा पाय गेला. धड चालता येण्यापूर्वीच, अवघ्या काही महिन्यांत, ती पुन्हा पाण्यात उतरली.

परंतु पाणी जरी पूर्वीचेच असले, तरी त्यातील तोल पूर्वीचा राहिला नव्हता. दोन पायांचा ताल मोडला म्हणजे कंबर एका अंगास झुकू पाहते आणि शरीर सरळ राखण्याचा सारा भार बाहूंवर व खांद्यांवर येतो. शिवाय पन्नास मीटरच्या तलावात आठशे मीटर पोहताना पंधरा वेळा भिंतीशी वळावे लागते, आणि प्रत्येक वळणाला इतर जणी ज्या दोन पायांनी भिंतीस रेटा देतात, तेथे हिला एकाच पायावर भागवावे लागे. असे असताही २००२ साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत धडधाकट स्त्रियांच्या आठशे मीटर शर्यतीची अंतिम फेरी तिने गाठली. खुल्या पाण्यात मात्र भिंत नाही, वळणाचा रेटा नाही; तेथे मुख्य कसोटी बाहूंची आणि दमाची. स्त्रियांची ही दीर्घ शर्यत बीजिंगलाच प्रथम ऑलिंपिकमध्ये आली, आणि मे २००८ मध्ये सेव्हिल येथील जागतिक स्पर्धेत चौथी येऊन नतालीने तिथला प्रवेश हक्काने मिळविला. कृत्रिम पाय काठावर काढून ठेवून ती पाण्यात शिरत असे. सवलत तिला कोणतीही नव्हती, आणि तिने ती मागितलीही नव्हती.

या संदर्भात हंगेरीच्या ऑलिव्हर हालासीचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. बालपणीच्या अपघातात एक पाय गुडघ्याखाली गमावलेल्या या पुरुषाने १९३२ आणि १९३६ च्या ऑलिंपिकांत वॉटरपोलोची सुवर्णपदके मिळविली आणि १९३१ साली दीड हजार मीटरमध्ये युरोपचे अजिंक्यपदही जिंकले. त्याची आठवण आज कितीजणांना आहे?

पॅरालिंपिकमध्ये नतालीने अथेन्सपासून लंडनपर्यंत तेरा सुवर्णपदके जिंकली, आणि बीजिंगच्या दोन्ही सोहळ्यांत देशाचा ध्वजही तिच्याच हाती होता. शुन्यीच्या काठावर मात्र, साऱ्या जगाने तिचे कौतुक आरंभिले असता, ती स्वतः आपल्या सोळाव्या क्रमांकावर समाधानी नव्हती.