अंगण खरंच वाकडं आहे का? स्वस्त रंध्याची पारख

गेल्या वेळी धार बोथट होते म्हणजे नेमकं काय होतं, ते आपण पाहिलं. तोच माझ्या पीएचडीचा विषय, त्यामुळे प्रयोगशाळेत माझा दिवस पोलादाच्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यात जातो. आजचा विषय मात्र सावंतवाडीजवळच्या मामांच्या सुतारशाळेतून आलाय.

माझा मामेभाऊ तिथे काम शिकतोय. त्याने स्वतःच्या पैशाने पहिला रंधा घेतला. बिडाचा, नेहमीच्या 4 नंबरच्या घडणीचा, हजार-बाराशे रुपयांतला. दोन महिने झाले तरी लाकडावर लाटा उठत होत्या, रंधा थरथरायचा आणि सालपट निघायच्या ऐवजी भुगा पडायचा. मामांनी एकदा त्याचा रंधा हातात घेतला, दोन हात मारले. बऱ्यापैकी सालपट निघालं. "रंधो बरो आसा. हात बसाक येळ लागता," एवढं बोलून ते कामाला लागले.

मी दिवाळीला गेलो तेव्हा भाऊ म्हणाला, "मला नाही जमणार बहुतेक. कुरियरमध्ये नोकरी बघतोय."

आपल्याकडे म्हण आहेच, नाचता येईना अंगण वाकडे. म्हण छान आहे, पण तिच्यात एक गृहीतक लपलंय : अंगण सरळ आहे हे कुणीतरी आधीच तपासलंय. इथे ते कुणी तपासलं होतं?

मामांच्या चाचणीत काय चुकलं?

मुरलेला कारागीर हत्याराची खोड नकळत सांभाळून घेतो. रंधा थरथरतोय असं वाटलं की तो पुढच्या मुठीवर दाब वाढवतो, रंधा थोडा तिरका धरतो, पातं केसभर मागे घेतो. हे सगळं दोन सेकंदांत होतं, त्याच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही. म्हणजे मामांच्या हातात रंधा चालला, यावरून रंधा चांगला ठरत नाही. मामा चांगले आहेत, एवढंच ठरतं.

संशोधनात आम्हाला हा घोळ रोज भेटतो. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर परिणाम कुणाचा ते कळत नाही. उपाय साधा आहे, चार खणांचा तक्ता. दोन माणसं, दोन रंधे, चारही जोड्या. त्याआधी दोन्ही पात्यांना एकाच माणसाने, एकाच दगडावर धार लावायची. लाकूड एकच, सरळ रेषांचं सागवान घ्यायचं. फणसाचं नको, त्याच्या रेषा उलटसुलट असतात आणि चांगल्या रंध्यालाही त्रास देतात.

आम्ही तीन खण भरले होते. चौथा, म्हणजे भावाच्या हातात मामांचा रंधा, दोन महिन्यांत कुणी भरलाच नव्हता. कारण मामा आपला रंधा कुणाला देत नाहीत! त्या दिवशी दिला. पहिल्या तीन-चार हातांतच पातळ, अखंड सालपट वर आलं. भाऊ काही बोलला नाही, नुसता आणखी मारत राहिला.

मग दुसरा तक्ता. दोन्ही रंध्यांची पाती एकाच रुंदीची होती, म्हणून अदलाबदल केली. भावाचं पातं मामांच्या रंध्यात मस्त चाललं. मामांचं पातं भावाच्या रंध्यात थरथरलं. म्हणजे पातं निर्दोष, खोट रंध्याच्या अंगात.

पातं का थरथरतं?

स्टीलची पट्टी टेबलाच्या कडेवर धरून टिचकी मारा. जास्त बाहेर काढली तर लडबडते, कमी काढली तर घट्ट राहते. रंध्याचं पातंही अशीच पट्टी आहे. मागे 45 अंशांत उतरती बैठक असते, पातं तिच्यावर टेकतं आणि धारेकडचं टोक थोडं बाहेर राहतं.

अशा पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो आणि बाहेर राहिलेल्या लांबीच्या घनाप्रमाणे कमी होतो. बरेच जण सांगतात, "2 मिमीचं पातं काढ, 3 मिमीचं घाल." ठीक आहे, त्याने ताठपणा सुमारे 3.4 पट होतो. पण बाहेरची लांबी निम्मी केली तर तो 8 पट होतो. तोही फुकटात! म्हणून जाड पात्याला पैसे घालण्याआधी बैठक बघा.

आम्ही बैठक सोडवली. खाली रंगाचा जाड गोळा वाळून बसला होता. त्यामुळे बैठक तिरकी झाली होती आणि पातं फक्त वरच्या बाजूला टेकत होतं, धारेजवळ खाली पोकळी. जुन्या पटाशीने रंग खरवडला, बसायच्या पृष्ठभागांवर कानस फिरवली. मग मार्करची शाई लावून बैठक जागेवर घासून पाहिली. शाई जिथे पुसली जाते तिथे धातू धातूला टेकतोय. चारही कोपऱ्यांत पुसली जाईपर्यंत काम करायचं. अर्धा तास लागला.

परत जोडून भावाने हात मारला, थरथर गेली होती. मामा थोडा वेळ ते सालपट बोटांत धरून बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे खळाच वाकडा होता मगे."

तळ सपाट आहे हे कशावरून?

घाईत इथेच बहुतेकांची फसगत होते. रंधा लाकडाची उंची तळावरून ठरवतो, पातं फक्त कापतं. शेवटचा हात मारताना सालपट 0.02 ते 0.05 मिमी जाडीचं असतं. कार्यालयातला साधा कागद साधारण 0.1 मिमीचा. आता तळ तोंडापाशी कागदाइतका पोकळ असेल, तर पातं लाकडाला पोचण्यासाठी ते कागदाइतकं जास्त बाहेर काढावं लागणार. मग पातळ सालपट निघणार कसं? एक तर रंधा घसरतो, नाही तर खोल रुततो.

पूर्ण तळ आरशासारखा असायची गरज नाही. तीन जागा एका पातळीत हव्यात : पुढचं टोक, तोंडाची पुढची कड आणि मागचं टोक. मधे थोडी पोकळी असली तर बिघडत नाही.

तपासायला स्टीलची मोजपट्टी उभी धरून उजेडासमोर बघा. फट किती ते मोजायला फिलर गेज, म्हणजे मोटारसायकलचे टॅपेट लावताना मेकॅनिक वापरतो तो पातळ पत्र्यांचा जुडगा. 0.05 ची पट्टी आत जाते का, 0.1 ची जाते का, ते बघायचं.

पण मोजपट्टी तरी सरळ आहे कशावरून? तिच्या कडेने कागदावर रेघ मारा, पट्टी पालथी करून तीच कड त्याच रेघेला लावा, परत रेघ मारा. कड वाकडी असेल तर दोन रेघांत फट दिसेल, आणि ती खऱ्या चुकीच्या दुप्पट असेल. पेन्सिलीच्या रेघेमुळे याने फक्त ढोबळ चूक सापडते.

बारीक तपासणीसाठी जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज यंत्रकाराने 1840 मध्ये मांडलेली तीन पृष्ठभागांची युक्ती आठवा. दोन कडा एकमेकींना बिनफट बसल्या तरी एक फुगीर आणि दुसरी तितकीच पोकळ असू शकते. पण अ, ब आणि क या तिन्ही कडा आपसांत, प्रत्येक जोडीने, बिनफट बसल्या तर तिन्ही सरळच असणार. कुठलंही आधीचं प्रमाण नसताना सरळपणा सिद्ध करता येतो, हे मला आजही जादूसारखं वाटतं. दुकानात तीन मोजपट्ट्या मागून उजेडासमोर जोडून बघायला पैसे पडत नाहीत.

तळ थोडा वाकडा निघाला तर काचवाल्याकडून 8 किंवा 10 मिमी जाड काचेचा तुकडा आणा. आजची काच वितळलेल्या कथिलावर तरंगवून बनवतात, त्यामुळे या कामाला पुरेशी सपाट असते. टेबलावर आधार देऊन तिच्यावर वॉटर पेपर चिकटवा, तळावर मार्करने आडव्या-तिडव्या रेघा मारा आणि घासा. रेघा पुसल्या जातील तो उंचवटा. एक सूचना : पातं आत ओढून, पण वरची कळ नेहमीइतकी आवळून घासा. आवळल्यावर बिडाचं अंगही किंचित वाकतं, आणि आपल्याला काम करतानाचा तळ सपाट हवाय.

0.1 मिमी घासून जातं. 0.3 मिमी किंवा जास्त असेल, किंवा तळाला पीळ असेल, तर दुकानातच परत ठेवा.

पातं कडक आहे का?

प्रयोगशाळेत आम्ही रॉकवेल यंत्र वापरतो. हिऱ्याचा शंकू 150 किलोच्या भाराने पोलादात दाबतो आणि तो किती खोल गेला ते मोजतो. दर 0.002 मिमी खोलीला 100 मधून एक गुण वजा. चांगल्या पात्याची कठीणता साधारण 58 ते 62 असते, म्हणजे शंकू 0.08 मिमीच्या आसपास रुततो.

घरी? नवी, चांगली कानस घ्या. तिचे दात साधारण 62 ते 65 कठीणतेचे असतात. पात्याच्या कोपऱ्यावर हलकी फिरवा. काचेवरून जावी तशी सरकली तर पातं कडक, सहज चावली तर मऊ. वरच्या भागात चावली तर घाबरू नका. काही पाती फक्त धारेकडे कडक केलेली असतात.

आणि एक अट. कारखान्यात धार घासताना तापून पात्याची अगदी टोकाची कड कधी कधी मऊ पडते. लोहार ज्याला "पाणी देणं" म्हणतात, त्यात पोलाद लालबुंद करून एकदम थंड करतात आणि मग 200 अंशांच्या आसपास हलकं तापवून ठिसूळपणा काढतात. नंतर घासताना कड निळी पडेल इतकी, म्हणजे 300 अंशांपर्यंत, तापली की ती मेहनत वाया जाते. म्हणून नवं पातं पहिल्या धारेवर जोखू नका. दोन-तीनदा धार लावून कड मागे गेली की मग बोला. घड्याळजीच्या भिंगातून बघितलं तर कड वळलेली दिसते की तुटलेली ते कळतं. वळली तर पोलाद मऊ, तुकडे उडाले तर फार ठिसूळ.

पात्यावरची पट्टी

पात्यावर जी दुसरी पट्टी स्क्रूने बसते, तिची पुढची कड पात्याला बिनफट टेकली पाहिजे. उजेड दिसला तर सालपटं तिथेच अडकणार. काचेवर दोन मिनिटं घासली की काम होतं. ती धारेच्या किती जवळ ठेवायची यावर जपानमधल्या यामागाता विद्यापीठाच्या कातो आणि कावाई यांनी सूक्ष्म चित्रीकरण केलं आहे. पट्टी धारेपासून एखाद-दोन दशांश मिलिमीटरवर आली की सालपट पुढे दाबलं जातं आणि लाकूड उचकटत नाही. ही सुधारणा स्वस्त-महाग दोन्ही रंध्यांत सारखीच होते.

कशाकडे दुर्लक्ष करावं?

रंगाची चमक, पितळी चाकाचा झगमगाट, मूठ लाकडाची की प्लास्टिकची, यावरून काहीच ठरत नाही. पातं पुढे-मागे करणारं चाक अर्धा-पाऊण फेरा मोकळं फिरतं, नवशिके त्यालाच मोठा दोष समजतात. तेवढा खेळ चांगल्या रंध्यांतही असतो. अंग तळाशी काटकोनात नसेल तरी बहुतेक कामांत फरक पडत नाही.

आणि मडकं वाजवून घेतात तसा रंधा वाजवून घेऊ नका. साध्या बिडात ग्राफाइटच्या पापुद्र्या असतात, त्या कंपन गिळतात. त्यामुळे धडधाकट बीडही बद्दच वाजतं. तडा शोधायचा तर डोळ्यांनी, तोंडाच्या कोपऱ्यांपाशी आणि बाजूच्या भिंतींवर.

थोडक्यात, धार, तळातली थोडी पोकळी, पट्टीची फट, रंगाचे गोळे हे सगळं घरी सुधारतं. मऊ पातं बदलता येतं, फक्त त्याची किंमत रंध्याच्या किमतीत धरा. तडा, पीळ आणि शाई लावून घासूनही डुगडुगणारी बैठक, या तिन्हींना हात लावू नका. स्वस्त रंधा म्हणजे अर्धवट तयार वस्तू. उरलेलं काम कारखान्याने तुमच्यावर टाकलेलं असतं. ते माहीत असेल तर सौदा चांगला आहे. माहीत नसेल तर त्या उरलेल्या कामाचा दोष शिकणारा स्वतःच्या हातांना देतो.

भावाला अजून बरंच शिकायचंय, त्याच्या चौकटी अजून गुण्याला लागत नाहीत. पण आता काही बिघडलं की तो आधी रंधा मामांकडे देतो, मग मामांचा मागून घेतो, आणि त्यानंतरच कुणाची चूक ते बोलतो. तुमच्या घरी कुणी शिकत असेल तर तो चौथा खण तेवढा भरून बघा.