वीस मिनिटांची वीण

स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड नावाची बेटं आहेत. झाडं जवळजवळ नाहीत, वारा बारमाही, आणि चूल पेटवायची तर दलदलीतून खणून वाळवलेलं पीट घरी वाहून आणायचं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची तिथली छायाचित्रं पाहताना एक गोष्ट नजरेत भरते. बाईच्या पाठीवर पीटने भरलेली टोपली आहे, पायाखाली खडबडीत वाट आहे, आणि दोन्ही हातांत सुया आहेत. ती चालता चालता विणते आहे. तिच्या कमरेला चामड्याचा पट्टा असतो. त्यावर घोड्याच्या केसांनी भरलेली लहानशी उशी आणि उशीला भोकं. उजव्या सुईचं मागचं टोक भोकात रोवलं की सुई हलत नाही, तिचा भार हातावर येत नाही आणि बोटं दोरा फिरवायला मोकळी राहतात. शेटलंडमध्ये हा पट्टा आजही वापरतात. तिथल्याच हेझेल टिंडल यांनी २००८ साली तीन मिनिटांत २६२ टाके विणून जगातली सर्वांत वेगवान विणकरीण हा मान मिळवला.

त्या बायकांना विणकामाचा छंद नव्हता. मोजे आणि शाली दुकानदाराला द्यायच्या आणि बदल्यात चहा, कापड, किराणा घ्यायचा, असा व्यवहार होता. शेत, गुरं, मुलं, मासेमारीला गेलेल्या पुरुषांच्या मागची सगळी कामं सांभाळून त्यातच वीण चालायची. नैर्ऋत्य फ्रान्समधल्या लांद भागातले मेंढपाळ दलदलीत लांबवरचा कळप दिसावा म्हणून उंच काठ्यांवर चढून चालत, आणि काठ्यांवर उभे राहून विणत. पेरूमध्ये तितिकाका सरोवरातल्या ताकिले बेटावर टोप्या विणतात ते पुरुष. मुलगे लहानपणीच हातात सुया घेतात, आणि डोक्यावरच्या टोपीवरून माणूस विवाहित आहे की अविवाहित ते गावाला कळतं. ताकिलेच्या या वस्त्रकलेचा युनेस्कोने २००५ साली गौरव केला.

हे सगळं सांगायचं कारण असं. ‘मला विणायला फार आवडतं, पण वेळच मिळत नाही’ हे वाक्य नोकरी करणाऱ्या कितीतरी बायकांकडून ऐकू येतं. विणकाम म्हणजे दुपारची निवांत वेळ, खिडकीजवळची खुर्ची, मोठी झालेली मुलं आणि निवृत्ती, असं काहीतरी आपल्या मनात बसलेलं आहे. इतिहास नेमकं उलटं सांगतो. ज्यांना बसायला सवड नव्हती अशा माणसांनी ही कला वाढवली. मोकळा वेळ सापडेल तेव्हा विणू असं म्हणणाऱ्यांचं विणकाम कपाटातच राहतं, हे मला ठामपणे वाटतं.

याचं कारण विणीच्या रचनेतच आहे. मागावर कापड विणायचं तर शेकडो ताणे आधी ताणून बसवावे लागतात. शिवणयंत्र मांडावं लागतं, कापड पसरावं लागतं, मग आवरावं लागतं. सुयांवरच्या विणकामात एकच अखंड दोरा असतो आणि एका फासातून दुसरा फास ओढून काढायचा असतो. सुईवर फक्त शेवटची ओळ जिवंत असते. खालचं सगळं पक्कं झालेलं असतं. त्यामुळे कुठल्याही टाक्याशी थांबता येतं. शक्यतो हातातली सुई, म्हणजे चालू ओळ, पुरी करून उठावं हे खरं, पण कुकरची शिट्टी झाली, स्टेशन आलं, मूल रडलं, तर मधेच ठेवलं तरी बिघडत नाही. परत हातात घेताना एवढंच पाहायचं, की गुंड्याकडून येणारा दोरा ज्या सुईवरून निघतो ती सुई उजव्या हातात हवी. हे एक कळलं की अर्धवट ओळीत ठेवलेलं काम उलट्या दिशेने सुरू होत नाही.

महाराष्ट्रात ही कला तशी उशिरा आली. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी. तिची घोंगडी होते, आणि घोंगडी मागावर विणतात. सुयांवरचं विणकाम इंग्रजी अमदानीत मिशनरी शाळांतून, मडमांकडून आलं आणि मग मुलींच्या शाळांच्या शिवणवर्गात रुजलं. पण एकदा आलं ते थेट बाळंतविड्यात जाऊन बसलं. टोपरं, झबलं, कुंची, पायमोजे, दुपटं. लेकीला दिवस राहिल्याचं कळलं की आईच्या हातात सुया येत. १९६२ च्या चीन युद्धात हिमालयातल्या जवानांसाठी देशभर बायकांनी स्वेटर विणले, तेव्हा विणता येणारे हात जवळजवळ घरटी होते. पुढे लुधियानाचा तयार माल आणि दर हिवाळ्यात शहरोशहरी लागणारे तिबेटी विक्रेत्यांचे स्टॉल यांनी स्वेटर स्वस्त केले, आणि विणण्याची गरज उरली नाही. उरली ती आवड. गरज असली की वेळ आपोआप निघतो. आवडीसाठी तो मुद्दाम काढावा लागतो.

मुंबईच्या लोकलमधल्या बायकांनी तो कधीचाच काढलेला आहे. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट ते बोरिवली अशी पहिली महिला विशेष लोकल सुटली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून लेडीज डब्यात भाजी निवडली जायची, भजनं व्हायची आणि सुया चालायच्या. कल्याण-डोंबिवलीहून फोर्टात जाणाऱ्या बाईला बसायला जागा मिळाली तर तास-सव्वा तास हातात असतो. तेवढ्यात टोपरं बऱ्यापैकी वर येतं. मात्र डब्यात लांब सरळ सुया शेजारणीच्या कोपराला लागतात. तिथे वायरने जोडलेली गोल सुई उत्तम. टोकं आखूड असतात, विणलेल्याचा भार मांडीवर राहतो, एक सुई निसटून बाकाखाली घरंगळण्याचा प्रश्नच नाही. गोल सुईवर गोलच विणावं लागतं असं पुष्कळांना वाटतं. तसं काही नाही. ओळ संपली की काम फिरवून घ्यायचं आणि सरळ सुयांसारखंच पुढे जायचं. मूळच्या इंग्लंडच्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या एलिझाबेथ झिमरमन यांनी या सुईचा आयुष्यभर प्रचार केला. ‘निटिंग विदाउट टीअर्स’ हे त्यांचं १९७१ सालचं पुस्तक विणणाऱ्यांच्या कितीतरी पिढ्यांनी वापरलं. त्या नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसूनसुद्धा विणत.

आता हिशेब करू, कारण हिशेब केल्यावरच धीर येतो. मोठ्या माणसाचा साधा मफलर घ्या. रुंदीला ४० टाके, सगळ्या सुया सुलट, लांबी दीड मीटर. मध्यम जाडीच्या लोकरीत त्याच्या सुमारे ६०० सुया होतात, म्हणजे २४,००० टाके. सरावलेला हात मिनिटाला २५ टाके सहज घालतो असं धरलं, तर ९६० मिनिटं, म्हणजे १६ तास. सोळा तास सलग कुणालाच मिळणार नाहीत, मलाही नाही. पण रोज २० मिनिटं काढली तर ४८ दिवस. दोन महिन्यांच्या आत मफलर गळ्यात.

ही वीस मिनिटं कुठली? ज्यात हात रिकामे आणि मन अर्धं गुंतलेलं असतं ती. दूध तापेपर्यंत ओट्याशी, मुलांच्या क्लासबाहेर, दवाखान्यात नंबर येईपर्यंत, बहिणीशी फोनवर बोलताना स्पीकर लावून, रात्रीच्या मालिकेसमोर. अशा वेळी आपला हात आपोआप मोबाइलकडे जातो, म्हणून पिशवी मोबाइलपेक्षा जवळ असली पाहिजे. खरी युक्ती तेवढीच आहे. खोक्यात, कपाटावर, ‘जपून’ ठेवलेलं काम होत नाही. एक लहान कापडी पिशवी, त्यात गुंडा, सुया, छोटी कात्री, दोन सेफ्टी पिना, मोजपट्टी आणि सुया मोजायला कागद-पेन्सिल. ही पिशवी पर्समध्ये किंवा दाराच्या खुंटीला. टॉम डेली हा ब्रिटिश डायव्हर २०२० च्या लॉकडाउनमध्ये विणायला शिकला. टोकियो ऑलिंपिकमध्ये जुलै २०२१ ला त्याने सुवर्णपदक मिळवलं, आणि नंतर इतरांची स्पर्धा पाहताना प्रेक्षकांत बसून तो विणत होता. पदकावर ओरखडे पडू नयेत म्हणून त्याने पदकासाठी पिशवीही विणली. त्याच्याइतकं बांधलेलं वेळापत्रक आपल्यापैकी फार थोड्यांचं असेल.

मात्र प्रत्येक काम प्रत्येक वेळेला चालत नाही, आणि इथेच बहुतेकांचं अडतं. उत्साहाने जाळीचा नमुना निवडला जातो, चौदा-सोळा सुयांनी पुन्हा येणारा. गाडीत, गप्पांत, झोपाळलेल्या डोळ्यांनी तो विणला की आठव्या सुईला टाके जुळत नाहीत, मग उसवणं, मग कंटाळा. म्हणून एका वेळी दोन कामं सुयांवर असावीत असं माझं स्पष्ट मत आहे. एक डोकं न लागणारं: सगळ्या सुया सुलट, किंवा दोन सुलट दोन उलट. हे पिशवीत राहतं आणि बोटांच्या स्पर्शावर चालतं. दुसरं मन लावून करायचं: जाळी, पीळ, रंगांची नक्षी. हे घरी, रविवारी सकाळी, चांगल्या उजेडात. जाळी विणताना दर नमुन्याच्या शेवटी वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवावा. पुढे चुकलं तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवावं लागतं, टाके तिथे अडकून राहतात. सुटलेला एखादा टाका खाली धावत गेला तर क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर उचलून आणता येतो. तेवढ्यासाठी सगळं उसवू नये.

सगळ्या सुया सुलट विणीचा आणखी एक गुण आहे. एक सुई सुलट, एक उलट असं विणलेलं कापड कडांना वळतं, कारण त्याच्या दोन बाजूंवरचा ताण सारखा नसतो. सगळ्या सुया सुलट असल्या की दोन्ही बाजू सारख्या होतात, कापड सपाट पडतं आणि काठाची वेगळी विवंचना राहत नाही.

हळू विणणाऱ्यांनी खरेदीत एक पथ्य पाळायलाच हवं. लागणारी सगळी लोकर एकदम घ्यावी आणि प्रत्येक गुंड्यावरचा शेड नंबर आणि लॉट नंबर दोन्ही जुळतात ना ते पाहावं. तीन महिन्यांनी पुण्याच्या तुळशीबागेत परत गेलात तर शेड तीच मिळेल, पण रंगाचा घाणा वेगळा असेल आणि पाठीवर आडवा पट्टा उठेल. दुकानात ज्याला लोकर म्हणतात ते बहुतांशी ॲक्रिलिक असतं, आणि त्यात कमीपणा काही नाही. ते मशीनमध्ये धुता येतं, कसर त्याच्या वाटेला जात नाही, तान्ह्या बाळाला टोचत नाही. खरी लोकर कसरीपासून जपावी लागते. कोकणात, मुंबईत घामट हाताला ॲक्रिलिक चिकटतं, तिथे सुती धागा घ्यावा. सुयांचे आपल्याकडचे नंबर उलटे चालतात: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे सव्वातीन. नंबर वाढेल तशी सुई बारीक. परदेशी सुयांमागे धावायची गरज नाही. पोनीच्या सुया निलगिरीतल्या केट्टीच्या कारखान्याच्या, आणि जगभर नावाजलेल्या निटप्रोच्या रंगीत लाकडी सुया जयपूरच्या कंपनीच्या.

बाळासाठी विणताना मापाचा विचार वेळेसकट करावा. तुमचा स्वेटर होईपर्यंत बाळ थांबत नाही. नवजाताच्या मापाने सुरू केलेलं झबलं पूर्ण होतं तेव्हा दंडातून जात नाही. वर्षाच्या मुलाचं माप घ्यावं, आणि ते वर्ष थंडीत येतं की मे महिन्यात तेही मोजावं.

वीण आणि मन यांच्याबद्दल बरंच मोघम बोललं जातं. त्यात एक ठोस काम २०१३ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ ऑक्युपेशनल थेरपी’त आलं. जिल रायली, बेट्सन कॉर्कहिल आणि क्लेअर मॉरिस यांनी जगभरातल्या साडेतीन हजारांवर विणणाऱ्यांना प्रश्न विचारले. जे आठवड्यात जास्त वेळा विणतात त्यांनी शांत आणि आनंदी वाटत असल्याचं जास्त सांगितलं. उत्तरं देणारी माणसं विणकामाची आवड असलेलीच होती, त्यामुळे यातून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण महिन्यातून एका रविवारी सलग विणण्यापेक्षा रोज थोडं विणावं, या सल्ल्याला त्यातून बळ मिळतं हे नक्की.

हात मात्र सांभाळावेत. दिवसभर कीबोर्ड आणि मोबाइल वापरलेल्या मनगटांना रात्री दोन तास सुया दिल्या तर ती दुखणारच. खांदे सैल, कोपरं अंगाजवळ, वीस मिनिटांनी बोटं ताणून उठायचं. दमलेला हात दोरा घट्ट ओढतो. कालची ओळ सैल आणि आजची आवळलेली दिसली तर दोष सुयांचा नसतो, त्या रात्री काम ठेवून द्यावं.

कधीच विणलं नसेल तर या दिवाळीनंतर लहान मुलाचा मफलर घ्या. १०० ग्रॅम मध्यम जाडीची लोकर, ८ नंबरच्या सुया, ३० टाके, सगळ्या सुया सुलट, मीटरभर लांब. त्याचे साधारण १२,००० टाके होतात. नवख्या हाताने मिनिटाला बाराच टाके पडले तरी रोजच्या वीस मिनिटांत ५० दिवसांचं काम आहे. भाऊबीज झाल्यावर सुरू केलंत तर संक्रांतीपर्यंत हातात तयार मफलर असेल, मधले काही दिवस चुकले तरीही. रंग फिकाच घ्या, काळ्या लोकरीत रात्रीच्या दिव्याला टाके दिसत नाहीत.