तुटलेल्या मज्जातंतूचा खोडवा

ऊसतोडीत कोयता मनगटावर बसून मज्जातंतू कापला गेला, तर त्या मज्जातंतूच्या वाट्याच्या बोटांची संवेदना तत्काळ जाते. मात्र ज्या चेतापेशींचे धागे तुटतात, त्या मनगटात नसतात. स्पर्शाच्या चेतापेशी मानेजवळ, मणक्यांलगतच्या गाठींमध्ये असतात. तिथून निघालेला अक्षतंतू सुमारे पाऊण मीटर अंतर कापून बोटाच्या टोकाला पोचतो.

पुढचे समजायला बारामती-इंदापूरकडचा खोडवा पुरेसा आहे. ऊस तुटला तरी बुडखा जगतो आणि पुन्हा फुटतो. मज्जातंतूतही पेशीला जोडलेला भाग जगतो आणि त्यापलीकडचा वाळतो. ऑगस्टस वॉलर यांनी हे १८५० साली बेडकाच्या जिभेच्या मज्जातंतूंत पाहिले. पण बुडख्यावर डोळे तयारच असतात. चेतापेशीला मात्र आधी घावाची खबर लागावी लागते.

तुटलेल्या टोकातून कॅल्शियम आत शिरते आणि त्याची लाट पेशीच्या दिशेने जाते. २०१३ साली उंदरांच्या चेतापेशींत दिसले, की ही लाट पोचताच ‘एचडॅक-५’ हे प्रथिन पेशीकेंद्राबाहेर पडते आणि डीएनएची घट्ट गुंडाळी सैल होण्याचा मार्ग मोकळा होतो. मागोमाग, अक्षतंतूतल्या रुळांवरून वाहक प्रथिने सावकाश संदेश आणतात.

आता खरे नियमन सुरू होते. नीरा डाव्या कालव्याला पाणी सुटले तरी चारीचे दार उघडल्याशिवाय रान भिजत नाही. वाढीची जनुकेही प्रौढ पेशीत असतातच, पण बहुतांशी मिटलेली. सी-जून, एटीएफ-३, स्टॅट-३, सॉक्स-११ ही नियामक प्रथिने डीएनएवर बसून ती उघडतात. एरवी संदेशवहनात गुंतलेली पेशी मग नवे टोक बांधायला लागते. उंदरांच्या चेतापेशींतून सी-जून काढून टाकले, तेव्हा चेहऱ्याच्या मज्जातंतूची पुनर्वाढ फारच मंदावली.

सी-जून चेतापेशीपुरते थांबत नाही. अक्षतंतूभोवतीच्या श्वान पेशींतही ते चालू होते. त्या मायलिनचे आवरण बनवण्याचे काम सोडतात, कुजके मायलिन उचलू लागतात आणि नव्या तंतूसाठी वाट आखतात. शेतात पाचट कुजवणे हिताचे. इथे ते उचललेच पाहिजे.

मेंदू आणि मज्जारज्जूत ही साफसफाई रेंगाळते, शिवाय मायलिनचे अवशेष वाढ अडवतात. १९८१ साली माँट्रियलमध्ये सॅम्युएल डेव्हिड आणि अल्बर्ट आग्वायो यांनी उंदरांच्या मज्जारज्जूला पायाच्या मज्जातंतूचा तुकडा जोडला, तेव्हा त्यात मज्जारज्जूतले तंतू वाढले. दोष एकट्या जागेचा मात्र नाही. गाठीतल्या एकाच पेशीची एक शाखा हाताकडे, दुसरी मज्जारज्जूत जाते. बाहेरची शाखा आधी तुटली असेल, तर आतलीही वाढू शकते, कारण जनुकांची दारे उघडलेली असतात. २००८ मध्ये उंदरांत ‘पीटेन’ हे जनुक काढल्यावर दृष्टितंतूही वाढला. पण पीटेन हा कर्करोगाला रोखणारा पहारेकरी आहे. माणसात तो सरसकट हटवणे म्हणजे पिकाबरोबर तणालाही पाणी सोडणे.

झेब्रा मासा मज्जारज्जूच्या पुनर्वाढीचे हे कोडे जन्मतःच सोडवतो. २०१६ मध्ये अमेरिकेत आढळले, की तुटलेल्या मज्जारज्जूत आधारपेशींचा पूल बांधायला त्याला सीटीजीएफ-ए हे जनुक लागते. सीसीएन-२-ए या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या याच जनुकावर पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत काम झाले. तिथे ते माशाच्या मणक्यांमधल्या झिजलेल्या चकत्यांच्या पुनर्निर्मितीशी जोडलेले दिसले.

हाताच्या बाबतीत आजचा उपाय शस्त्रक्रियेचाच आहे. बुडखे छाटावेत तशी टोके साफ करून शिवतात. फट मोठी असेल तर पायातला एक संवेदी मज्जातंतू काढून, नांग्या भरतात तसा, मध्ये बसवतात. उशीर परवडत नाही: महिने लोटले की श्वान पेशींतले सी-जून ओसरते आणि वर्ष-दीड वर्ष मज्जातंतूविना राहिलेला स्नायू पूर्ववत होणे अवघड होते. वाढीचा वेग दिवसाला साधारण १ मिलिमीटर. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंतच्या १८ सेंटिमीटरला सहा महिने लागतात. जानेवारीतल्या जखमेला जुलै उजाडतो. कारखान्याचा पट्टा पडून ऊसतोडीची टोळी गावी परतते, तेव्हा तंतू अजून तळहातातच असतात.