थिबा पॅलेस : वाडा राजाचा, पहारा सरकारचा

रत्नागिरीत आलेला पाहुणा भगवती किल्ला आणि टिळकांचं जन्मघर पाहून झालं की हमखास थिबा पॅलेसकडे वळतो. तीन मजली तांबूस इमारत, उतरती छपरं, अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या आणि गच्चीवरून दिसणारा समुद्र. पाहणारा म्हणतो, ‘काय थाट असेल राजाचा!’ पण हा वाडा राजानं बांधलेला नाही. ज्यांनी त्याचं राज्य घेतलं, त्यांनीच तो त्याला बांधून दिला.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. १८७८ साली तो मंडालेच्या गादीवर बसला, तेव्हा जेमतेम विशीचा होता. फ्रेंचांशी त्याची जवळीक वाढलेली इंग्रजांना खुपत होती. त्यातच सागवानाच्या व्यवहारात बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीला त्याच्या दरबारानं मोठा दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्त मिळालं. नोव्हेंबर १८८५ मध्ये युद्ध झालं आणि पंधरवड्यात संपलंही. राजा, राणी सुपयालत आणि मुलींना आधी मद्रासला व तिथून एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीला आणलं गेलं.

रत्नागिरीच का? कारण सोपं आहे. इथं तेव्हा रेल्वे नव्हती. बाहेरचं दळणवळण मुख्यतः बोटीनं, आणि पावसाळ्यात तेही बंद. शिवाय ब्रह्मदेश दुसऱ्या समुद्राच्या पलीकडे. अशा गावातून राजा पळून जाणार तरी कुठे? याआधी १८५८ साली दिल्लीच्या बहादूरशहा जफरला इंग्रजांनी रंगूनला धाडलं होतं. आता ब्रह्मदेशचा राजा हिंदुस्थानात आला. हिशेब पुरा झाला!

सुरुवातीला राजाचं बिऱ्हाड साध्या बंगल्यांत होतं. तिथं एक-दोन नव्हे, २४ वर्षं गेली. पहाऱ्याला पोलीस अधिकारी, खर्चाला सरकारी तनखा. तो पुरत नसे, म्हणून जवळची माणकं विकावी लागत. अखेर १९१० साली हा वाडा तयार झाला. राहायला आला तेव्हा राजा पन्नाशी ओलांडलेला होता. पुढे सहाच वर्षांनी, डिसेंबर १९१६ मध्ये तो वारला.

राणीला पतीचा देह मायदेशी न्यायचा होता. तिनं तो पुरू दिला नाही. शवपेटी वाड्याच्या आवारातच दोन वर्षांहून अधिक काळ राहिली. सरकारनं परवानगी दिली नाहीच. मार्च १९१९ मध्ये सरकारनंच त्याचं दफन उरकलं आणि पुढच्या महिन्यात राणी रंगूनला परतली. १९२५ साली ती तिथंच वारली. राजाची समाधी रत्नागिरीच्या शिवाजीनगर भागात, राणीची रंगूनमध्ये. एकत्र भोगलेल्या हद्दपारीचा शेवट असा वेगवेगळ्या मातीत झाला.

थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीलाच परत आली. वाड्यावर चाकरीला असलेल्या गोपाळ सावंत यांच्यापासून तिला झालेली मुलगी म्हणजे टुटू. राजाची ही नात इथंच वाढली, इथंच तिनं संसार केला आणि गरिबीतच दिवस काढले. तिच्या मुलाबाळांची बोली मराठी झाली. २००० साली टुटूबाईंचं निधन झालं.

वाड्याचं पुढे काय झालं? राणी गेल्यावर तो सरकारी अधिकाऱ्यांचं निवासस्थान झाला, नंतर तिथं तंत्रनिकेतनाचे वर्ग भरले आणि पुढे पुरातत्त्व खात्याचं वस्तुसंग्रहालय आलं. डिसेंबर २०१२ मध्ये म्यानमारचे तेव्हाचे अध्यक्ष थेन सेन मुद्दाम रत्नागिरीला येऊन समाधीपुढे नतमस्तक झाले. राजा राज्यावरून गेल्याला तेव्हा १२७ वर्षं झाली होती.

वाडा पाहायला गर्दी होते, समाधीकडे फारसं कुणी फिरकत नाही. पण दोन्ही पाहिल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. पुढच्या वेळी पाहुण्यांना थिबा पॅलेस दाखवाल, तेव्हा त्यांना तेवढं अंतर पुढे जरूर न्या.